प्रतिस्पर्ध्याच्या मनातले ओळखावे कसे? सोव्हिएत हेतूंचे अंदाज बांधण्याच्या चार पद्धती आणि त्यांतली निवड

दुसऱ्या देशाच्या हालचालींविषयी ज्याला जबाबदारीने लिहायचे असते, तो आज ना उद्या एका प्रश्नापाशी येऊन अडतो. त्या देशाकडे काय आहे हे मोजता येते. त्याच्या मनात काय आहे हे कशावरून ठरवायचे? रणगाडे, विमाने, धावपट्ट्या छायाचित्रात दिसतात, हेतू दिसत नाही. शीतयुद्धाच्या चार दशकांत अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेने सोव्हिएत संघाच्या बाबतीत हा प्रश्न निरनिराळ्या मार्गांनी सोडवून पाहिला. आज वॉशिंग्टनमधले अंदाज आणि मॉस्कोतल्या पॉलिट्ब्युरोच्या (सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या) बैठकांची बरीचशी टिपणे, दोन्ही खुली झाली आहेत, त्यामुळे कोणत्या दिवशी इकडे काय लिहिले गेले आणि त्याच दिवशी तिकडे काय चालले होते हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. अशी सोय फार थोड्या विषयांत मिळते.

हा आढावा ज्यांना पद्धत निवडायची आहे त्यांच्यासाठी आहे: संरक्षणशास्त्राच्या प्रबंधाची दिशा ठरवणारा विद्यार्थी, परराष्ट्र घडामोडींचे पान सांभाळणारा पत्रकार, किंवा बीजिंगच्या पुढच्या पावलाविषयी वरिष्ठांना टिपण द्यायचे असलेला अधिकारी. चार मार्गांची तुलना करताना मी दोन कसोट्या लावणार आहे. चूक झालीच तर ती कोणत्या बाजूने होते, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आणि बहुतेक वेळा विसरली जाणारी: ज्या हेतूचा अंदाज आपण बांधतो आहोत तो त्या घडीला तयार तरी झालेला आहे का?

पूर्ववर्तन आणि एकमत

१९५० मध्ये कोरियात बसलेल्या धक्क्यांनंतर सीआयएमध्ये राष्ट्रीय अंदाजांसाठी स्वतंत्र कार्यालय उभे राहिले. हार्वर्डचे इतिहासकार विल्यम लँगर यांनी त्याची घडी बसवली आणि १९५२ ते १९६७ ही पंधरा वर्षे येल विद्यापीठातून आलेले इतिहासकार शर्मन केंट यांनी ते चालवले. तिन्ही सेनादले, परराष्ट्र खाते आणि इतर शाखा यांच्याकडून मजकूर मागवायचा, मंडळाने मसुदा करायचा, मग सर्व शाखांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून वाक्यावाक्यावर वाद घालायचा आणि ज्याला पटले नाही त्याने तळटीप द्यायची, अशी ही रीत होती. हेतूविषयीचा निष्कर्ष मात्र बव्हंशी एका गृहीतावर उभा असे: ही राजवट आजवर जशी वागली आणि स्वतःचे हित पाहता तिने जसे वागणे शहाणपणाचे ठरेल, तशीच ती पुढे वागेल.

या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, पण ती बहुतेक वेळा बरोबर असते. क्रेमलिनला सर्वंकष युद्ध नको आहे, ते जाणूनबुजून पुकारले जाणार नाही, हे या अंदाजांनी वर्षानुवर्षे सांगितले आणि ते खरे ठरले. बरोबर आलेल्या अंदाजाची बातमी होत नाही, म्हणून त्याचे श्रेयही कोणी देत नाही.

तिचा एक दोष भाषेचा होता, आणि तो केंट यांनी स्वतःच उघड केला. मार्च १९५१ मधल्या एका अंदाजात म्हटले होते की युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होणे ही ‘गंभीर शक्यता’ मानली पाहिजे. परराष्ट्र खात्याच्या धोरण नियोजन विभागाच्या प्रमुखांनी केंट यांना सहज विचारले की याचा नेमका अर्थ काय. केंट म्हणाले, साधारण ६५ विरुद्ध ३५, हल्ल्याच्या बाजूने. विचारणारे दचकले, कारण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शब्दांवरून पुष्कळच कमी शक्यता धरली होती. मग केंट यांनी मसुद्यावर सही करणाऱ्या आपल्याच मंडळातल्या सदस्यांना एकेक करून विचारले. उत्तरे ८० विरुद्ध २० पासून २० विरुद्ध ८० पर्यंत पसरलेली निघाली. सगळ्यांचे एकमत एका शब्दावर झाले होते, अर्थावर झालेच नव्हते. पुढे केंट यांनी शब्दांना आकडे बांधून दिले: ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे सुमारे ९३ टक्के, ‘संभाव्य’ म्हणजे ७५, ‘बहुधा नाही’ म्हणजे ३०, आणि प्रत्येकाला थोडी मागेपुढे जागा.

मराठीत लिहिणाऱ्याला हे विशेष जपावे लागते. आपल्याकडे ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य रोजच्या बातमीत येते, आणि त्याच्या पोटात ५ टक्केही मावतात आणि ६० टक्केही. लिहिणारा सुरक्षित राहतो. वाचणारा आपल्याला हवा तो अर्थ घेऊन उठतो.

दुसरा दोष क्युबाने दाखवला. १९ सप्टेंबर १९६२ च्या विशेष अंदाजाने क्युबातल्या लष्करी जमवाजमवीचा विचार करून निष्कर्ष काढला की मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे तिथे ठेवणे आजवरच्या सोव्हिएत रीतीला धरून नाही आणि आपण समजतो त्या सोव्हिएत धोरणालाही धरून नाही. ती रीतही पूर्ण ठाऊक नव्हती. १९५९ मध्ये सोव्हिएत संघाने पूर्व जर्मनीत काही काळ अशी क्षेपणास्त्रे गुपचूप ठेवली होती, हे बऱ्याच उशिरा उजेडात आले. सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी तर ताकास तूर लागू दिली नव्हती. क्युबाकडे निघालेल्या मोहिमेला आर्क्टिककडच्या अनादिर नदीचे नाव दिले होते आणि उष्ण कटिबंधात जाणाऱ्या जवानांबरोबर बर्फावरच्या स्की आणि मेंढीच्या कातड्याचे कोट चढवले होते, म्हणजे बंदरावर पाहणाऱ्यालाही वाटावे की हे लोक उत्तरेला चालले आहेत. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनाही खरी गोष्ट सांगितलेली नव्हती, त्यामुळे त्यांनी दिलेल्या नकारात खोटेपणाचा लवलेश दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

१४ ऑक्टोबरला यू-२ टेहळणी विमानाने पश्चिम क्युबावरून छायाचित्रे घेतली, दुसऱ्या दिवशी ती वाचली गेली आणि १६ तारखेला सकाळी अध्यक्ष केनेडी यांच्यापुढे ठेवली गेली. अंदाज सत्तावीस दिवसांत कोसळला होता. १९६४ मध्ये केंट यांनी त्याचा बचाव करताना मांडलेला मुद्दा असा की आम्ही क्रुश्चेव्ह यांचे वर्तन चुकीचे ओळखले ते त्यांनीच मोठी चूक केली म्हणून. हा बचाव मला पूर्ण पटत नाही, पण त्यात या पद्धतीची मर्यादा नेमकी सापडते: समोरचा सावध वागेल असे धरून चालणारी पद्धत तो जुगार खेळतो तेव्हाच फसते, आणि आपल्याला अंदाजाची सर्वांत जास्त गरज नेमकी तेव्हाच असते.

त्या वेळी एक माणूस वेगळे बोलत होता. सीआयएचे प्रमुख जॉन मॅकोन लग्नानंतर दक्षिण फ्रान्समध्ये होते आणि तिथून तारा पाठवत होते. त्यांचा तर्क साधा होता: एवढी महागडी विमानभेदी क्षेपणास्त्रे उसाच्या फडांचे रक्षण करायला कोणी आणत नाही, तेव्हा त्यांच्या आड काहीतरी येणार आहे. त्यांनी ‘सोव्हिएत संघ आजवर कसा वागला’ हे विचारलेच नाही. ‘समोर दिसणारी ही एक वस्तू इथे का आहे’ एवढेच विचारले. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. परंतु तीच बुद्धी शीत हाती नसताना चालवली तर काय होते, हे दुसऱ्या मार्गात दिसते.

प्रतिपक्ष उभा करणे

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर टीकाकार म्हणू लागले की सीआयए सोव्हिएत संघाला सातत्याने कमी लेखते आहे. सीआयएचे तत्कालीन प्रमुख विल्यम कोल्बी यांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून समांतर अंदाज करून घेण्याची सूचना नाकारली होती; त्यांच्यानंतर आलेले जॉर्ज बुश (थोरले) यांनी ती १९७६ मध्ये मान्य केली. तीन विषयांवर ‘बी’ गट नेमले गेले. त्यांपैकी सोव्हिएत संघाच्या सामरिक उद्दिष्टांचा, म्हणजे थेट हेतूचा विचार करणारा गट गाजला. त्याचे प्रमुख हार्वर्डचे रशियन इतिहासाचे प्राध्यापक रिचर्ड पाइप्स होते आणि सल्लागारांत पॉल नित्झे, पॉल वुल्फोविट्झ अशी मंडळी होती.

या गटाची मुख्य तक्रार होती ‘आपल्यावरून जग ओळखण्याची’. अमेरिकी विश्लेषक अण्वस्त्रांकडे जसे पाहतात, म्हणजे ती वापरण्यासाठी नसून धाक राखण्यासाठी आहेत, तसेच सोव्हिएत सेनानीही पाहत असतील असे धरले जाते, आणि ते चूक आहे. तक्रार रास्त होती. सोव्हिएत लष्करी लिखाणाची भाषा खरोखरच वेगळी होती आणि ती गांभीर्याने वाचली जात नव्हती. एखाद्या कार्यालयात वर्षानुवर्षे रुजलेले गृहीत बाहेरचा माणूसच मोडू शकतो, हे या प्रयोगाचे खरे मोल आहे.

परंतु पुढे या गटाने सुतावरून स्वर्ग गाठला. पाणबुड्या शोधण्याची, आवाजावर अवलंबून नसलेली यंत्रणा सोव्हिएत संघाने बसवल्याचा पुरावा मिळत नव्हता. त्यावर अहवालाने सुचवले की पुरावा नसण्याचा अर्थ ती बसवली गेली आहे आणि आपल्याला दिसत नाही, असाही असू शकतो. हा तर्क एकदा मान्य केला की कोणताही पुरावा, किंवा पुराव्याचा अभाव, एकाच निष्कर्षाकडे नेतो. बॅकफायर बॉम्बफेकी विमाने १९८४ च्या सुरुवातीपर्यंत ५०० होतील असे त्यांनी धरले होते. ती त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिली. १९८३ मध्ये सीआयएने स्वतःचेच आकडे दुरुस्त केले तेव्हा आढळले की १९७६ पासून सोव्हिएत शस्त्रखरेदी जवळपास वाढलेलीच नव्हती. ज्या वर्षी प्रतिपक्ष ‘धोका वाढतो आहे’ म्हणत होता, त्याच वर्षी तो वेग मंदावू लागला होता.

मला यात दोष प्रतिपक्ष नेमण्याचा दिसत नाही, त्याच्या रचनेचा दिसतो. ‘बी’ गटात आधीपासून एकाच मताची माणसे घेतली होती, आणि ‘सोव्हिएत संघ कमी लेखला जात आहे’ हे सिद्ध करणे एवढेच काम त्यांच्याकडे आले. ‘तो जास्त लेखला जात आहे’ असे म्हणणारा तिसरा गट नेमलाच नाही. शिवाय समोर बसलेले ‘ए’ गटातले, म्हणजे सीआयएचे स्वतःचे, पुष्कळ विश्लेषक वयाने आणि मानाने लहान होते. नित्झे यांच्यासारख्या मुरलेल्या माणसापुढे ते वादात टिकले नाहीत. वादात जिंकलेले मत खरेच असते असे नाही, हे आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धांत भाग घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यातच सगळे प्रकरण वर्षअखेरपर्यंत वृत्तपत्रांत फुटले आणि अंदाजाचा राजकीय दस्तऐवज झाला.

लक्षणांची यादी

तिसऱ्या मार्गात मनात शिरण्याचा प्रयत्नच सोडून द्यायचा असतो. हल्ला करायचा असेल तर समोरच्याला काय काय करावेच लागेल याची आधी यादी करायची आणि मग रोज ती तपासायची: राखीव जवान बोलावले का, रेल्वेचे डबे अडकवले का, इस्पितळे रिकामी केली का, बिनतारी संदेश अचानक थंडावले का. यासाठी १९५० मध्येच वॉशिंग्टनमध्ये एक स्वतंत्र समिती बसवली होती.

ही पद्धत स्वच्छ आणि स्वस्त आहे, आणि एकट्या माणसालाही राबवता येते. तिची अडचण १९६८ मध्ये दिसली. जुलैअखेर चेकोस्लोव्हाकियाभोवती पुरेसे सैन्य जमले होते, यादीतल्या बहुतेक खुणा पुऱ्या झाल्या होत्या. मग चिएर्ना आणि ब्रातिस्लाव्हा इथे बोलणी झाली, ताण सैल झाल्यासारखा वाटला. पॉलिट्ब्युरोचा शेवटचा निर्णय १७ ऑगस्टला झाला आणि २० ऑगस्टच्या रात्री फौजा आत शिरल्या. ‘ते करू शकतात’ हे यादीने आधीच सांगितले होते. ‘ते आता करणार’ हे सांगायला तिच्यात रकानाच नव्हता, कारण तयारी पुरी झाल्यावर निर्णयाला वेगळी खूण लागत नाही. उपग्रहाची फिल्म तेव्हा कुपीतून खाली पडायची, विमानाने झेलली जायची आणि मग धुतली जायची. सैन्याचा जमाव दाखवणारी छायाचित्रे हाती आली तोवर प्रागमध्ये रणगाडे उभे होते.

उलट बाजूचा दाखला अधिक बोलका आहे. १९८१ पासून केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेने, पश्चिमेकडून अचानक अणुहल्ला होईल का हे ओळखण्यासाठी अशीच यादी करून आपल्या परदेशातील ठाण्यांना दिली. लंडनच्या ठाण्याने सरकारी कचेऱ्यांत रात्री किती खिडक्यांत दिवे जळतात हे मोजायचे, रक्तपेढ्या रक्तदात्यांना किती भाव देतात यावर लक्ष ठेवायचे. ब्रिटनमध्ये रक्तदाते पैसे घेतच नाहीत, हे मॉस्कोला ठाऊक नव्हते. तिथे नेमणुकीला असलेले आणि आतून ब्रिटिशांसाठी काम करणारे ओलेग गोर्दियेव्स्की यांनी नंतर सांगितले की ठाण्यातल्या अधिकाऱ्यांचा स्वतःचा या भीतीवर विश्वास नव्हता, तरी वरून मागितले म्हणून ते नोंदी पाठवत, आणि त्या नोंदींमुळे मॉस्कोची भीती आणखी वाढे. यादी जे विचारते तेच उत्तर परत येते; रात्री दिवा सफाई कामगारासाठी जळतो की युद्धासाठी, हे यादीला कळत नाही.

आतला माणूस

चौथा मार्ग सगळ्यांना हवासा वाटतो, कारण हेतू कळावा तर तो बाळगणाऱ्याच्या जवळच्या माणसाकडून. प्रत्यक्षात असे स्रोत हेतूपेक्षा क्षमतेविषयी अधिक सांगतात. पश्चिमेला गुप्तपणे माहिती पुरवणारे सोव्हिएत लष्करी अधिकारी ओलेग पेन्कोव्स्की यांनी दिलेल्या क्षेपणास्त्रांच्या पुस्तिकांमुळे क्युबातल्या छायाचित्रांवरून तळ किती दिवसांत सज्ज होतील हे ठरवता आले, आणि त्या माहितीने केनेडी यांना विचार करायला वेळ मिळवून दिला. क्षेपणास्त्रे क्युबाला चालली आहेत हे मात्र पेन्कोव्स्की यांनाही माहीत नव्हते.

पोलंडमध्ये अमेरिकेला गुप्तपणे माहिती पुरवणारे कर्नल रिशार्ड कुक्लिन्स्की थेट लष्करी कायद्याच्या आखणीत होते. डिसेंबर १९८० मध्ये त्यांनी सोव्हिएत फौजा शिरण्याच्या योजनेचा इशारा दिला, अमेरिकेने जाहीर तंबी दिली, आणि फौजा शिरल्या नाहीत. अंदाज चुकला की इशाऱ्यामुळे बेत बदलला, हे त्या घटनेवरून ठरवता येत नाही. म्हणून अंदाजकाराचा हिशोब मांडताना अशा प्रसंगाला ‘चूक’ या रकान्यात टाकणे अन्यायाचे होईल. वर्षभराने, १३ डिसेंबर १९८१ च्या पहाटे, पोलंडचे शासक यारुझेल्स्की यांनी पोलिश सैन्यच रस्त्यावर आणले आणि वॉशिंग्टन चकित झाले. कुक्लिन्स्की यांचा मजकूर तोवर तिथे पोहोचला होता, स्वतः तेही नोव्हेंबरमध्ये बाहेर काढले गेले होते. पण स्रोत जपण्यासाठी तो मजकूर मोजक्याच डोळ्यांपुरता ठेवला होता, आणि बाकीच्यांची नजर सोव्हिएत फौजांवरच खिळली होती. त्या फौजा येणारच नव्हत्या: पॉलिट्ब्युरोच्या १० डिसेंबरच्या बैठकीत केजीबीचे प्रमुख आंद्रोपोव्ह यांनी पोलंडमध्ये सैन्य पाठवण्याची जोखीम घेता येणार नाही असे स्पष्ट सांगितले होते.

इथे भारताशी जोडलेला एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण कधीकधी आतल्या माणसाची गरजच नसते. समोरचा उघड सांगतो आणि आपण ऐकत नाही. ३ ऑक्टोबर १९५० रोजी मध्यरात्र उलटल्यावर चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी बीजिंगमधले भारताचे राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांना बोलावून सांगितले की अमेरिकी फौजांनी ३८ वे अक्षवृत्त (उत्तर आणि दक्षिण कोरियामधली हद्द) ओलांडले तर चीन हस्तक्षेप करील. निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला गेला. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत असा तिथे समज होता, म्हणून निरोपाचेही वजन गेले. १२ ऑक्टोबरच्या सीआयएच्या अंदाजाने म्हटले की चीनचा पूर्ण ताकदीचा हस्तक्षेप ही शक्यता कायम आहे, पण १९५० मध्ये तसे घडणे संभवत नाही. १९ तारखेपासून चिनी फौजा यालू नदी ओलांडू लागल्या.

आता दुसरी बाजू. त्याच १२ ऑक्टोबरला, स्तालिन यांच्याकडून हवाई संरक्षणाबाबत निराशा पदरी पडल्यामुळे, माओ यांनी फौजा थांबवण्याची तार केली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक होऊन जाण्याचे ठरले. म्हणजे ज्या दिवशी सीआयएने ‘संभवत नाही’ असे लिहिले, त्या दिवशी माओ यांचे स्वतःचेच ठरत नव्हते. त्यांच्या शेजारी बसलेला हेरसुद्धा त्या संध्याकाळी चुकीचा निरोप धाडता.

एकाच प्रसंगावर चारही मार्ग

अफगाणिस्तान १९७९ हा प्रसंग मला या सगळ्यांत सर्वांत शिकवणारा वाटतो. मार्चमध्ये हेरातला उठाव झाला. १८ मार्चला अफगाण नेते तराकी यांनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना फोनवर विनवले की उझबेक, ताजिक, तुर्कमेन जवान साध्या कपड्यांत पाठवा, ते रणगाडे चालवतील, लोकांना ओळखू येणार नाही. कोसिगिन यांनी टाळले. त्याच दिवसांत पॉलिट्ब्युरोत आंद्रोपोव्ह आणि परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनीही सैन्य पाठवण्याला विरोध केला. शस्त्रकपातीच्या वाटाघाटींचे काय होईल, जगात काय म्हटले जाईल, हे सगळे त्यांनी बोलून दाखवले.

अमेरिकी विश्लेषक या काळात नेमके तेच तर्क मांडत होते: किंमत फार मोठी आहे, म्हणून मोठी फौज जाणार नाही. पूर्ववर्तनाची पद्धत मार्चमध्ये शंभर टक्के बरोबर होती. सप्टेंबरमध्ये तराकी उलथवले गेले आणि नंतर मारले गेले, अमीन सत्तेवर आले, आणि क्रेमलिनमधल्या तीन-चार माणसांची मने हळूहळू फिरली. १२ डिसेंबरला पॉलिट्ब्युरोचे सदस्य चेर्नेन्को यांनी हाताने लिहिलेल्या एका पानावर पॉलिट्ब्युरोने सह्या केल्या. त्या कागदावर देशाचे नावही नाही. शीर्षक आहे ‘‘अ’मधील परिस्थितीबाबत’. आंद्रोपोव्ह, संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह आणि ग्रोमिको यांनी सांगितलेल्या उपायांना मान्यता, एवढेच मोघम शब्द. सरसेनाध्यक्ष ओगार्कोव्ह यांचा विरोध दोन दिवस आधीच बाजूला सारला गेला होता.

मार्चमधला अचूक अंदाज नोव्हेंबरपर्यंत शिळा झाला होता आणि तो शिळा झाला हे त्याच्या पद्धतीला आतून कळण्याचा मार्ग नव्हता. यादीला मात्र कळले. सीमेजवळच्या तुकड्यांत भर पडते आहे, बगराम तळावर माणसे वाढत आहेत, हे टिपले गेले आणि १९ डिसेंबरच्या इशाऱ्यात म्हटले गेले की सोव्हिएत संघाने आपल्या लष्करी सहभागाचा एक महत्त्वाचा उंबरठा ओलांडला आहे. २४-२५ डिसेंबरला विमाने उतरू लागली, २७ ला अमीन मारले गेले. आठवड्याभराची सूचना मिळाली; पण तोवर बहुतेकांच्या मनात ‘ते थोडे थोडे वाढवतील’ हेच चित्र होते आणि आकड्यांना त्याच चित्रात बसवले गेले. प्रतिपक्ष असता तर? ‘सोव्हिएत संघ विस्तारवादी आहे’ असे म्हणणारा गट डिसेंबरमध्ये बरोबर ठरला असता, मार्चमध्ये चुकला असता, आणि दोन्ही वेळी त्याचे कारण तेच असते. ज्या मताला महिना बदलल्याने फरक पडत नाही, त्याला मी अंदाज म्हणत नाही.

हेतू हा कुलूपबंद तिजोरीत आधीपासून लिहून ठेवलेला कागद असतो, अशी आपली समजूत असते, आणि म्हणून किल्ली मिळाली की झाले असे वाटते. १२ डिसेंबरच्या आधी तो कागदच नव्हता.

मग निवड कशी करावी

प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने क्युबाऐवजी अफगाणिस्तान किंवा पोलंड घ्यावे असे माझे मत आहे. क्युबावर इतके लिहून झाले आहे की नवे सांगणे कठीण. शिवाय तिथे एकच निर्णय आणि एकच चूक असल्याने पद्धतींची तुलना होत नाही. अफगाणिस्तानात ‘नाही’ आणि ‘हो’ असे एकाच राजवटीचे दोन निर्णय नऊ महिन्यांच्या अंतराने, कागदोपत्री पुराव्यासह मिळतात.

पत्रकाराजवळ हेर नसतात आणि बैठकीतले एकमतही नसते. त्याला लक्षणांची यादीच उपयोगी, मात्र ती संकट येण्याआधी, शांतपणे केलेली हवी. संकटात केलेली यादी दिसलेल्या गोष्टींचीच होते. यादीत निदान एक-दोन खुणा अशा असाव्यात की त्या दिसल्या तर ‘हल्ला होणार नाही’ असे मानावे लागेल. केजीबीच्या यादीत अशी एकही खूण नव्हती.

अधिकाऱ्यासाठी निवड सर्वांत अवघड, कारण त्याच्या शब्दावर माणसे सीमेवर पाठवली जातात. १९६१ च्या नोव्हेंबरपासून भारताने पुढे चौक्या टाकण्याचे धोरण घेतले ते चीन मोठे बळ वापरणार नाही या अंदाजावर. २० ऑक्टोबर १९६२ ला, क्युबाविषयी केनेडी यांनी देशाला उद्देशून भाषण करण्याच्या दोन दिवस आधी, तो अंदाज नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये एकाच पहाटे मोडला. महिनाभराने यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो, पण ते वाक्य जन्माला येण्याची वेळ एका चुकलेल्या अंदाजाने आणली होती हेही लक्षात असू द्यावे. शांत काळासाठी अशा अधिकाऱ्याने पूर्ववर्तनाचीच पद्धत धरावी, कारण तिच्याहून भरवशाची दुसरी नाही. परंतु टिपणाच्या पहिल्याच पानावर ती ज्या गृहीतावर उभी आहे ते एका वाक्यात लिहावे, त्यापुढे शक्यता टक्क्यांत लिहावी, आणि ते गृहीत कोणत्या तीन-चार गोष्टी दिसल्यावर सोडून द्यायचे हे खाली नोंदवावे. प्रतिपक्ष हवाच, पण तो संपूर्ण देशाच्या स्वभावाविषयी नको. त्या एका वाक्याच्या विरुद्ध बाजूने बोलण्यासाठी, हाताशी असलेला एखादा समवयस्क, समान दर्जाचा सहकारी पुरे, आणि त्याला आठवड्याची मुदत द्यावी. आतल्या माणसाचा निरोप आला तर तो कधीच्या निर्णयाविषयी आहे ही तारीख आधी विचारावी आणि मगच निरोप वाचावा.